यांत्रिक ब्रिगेडची पिछाडी

यांत्रिक ब्रिगेडचा इतिहास आपण पंजाब-राजस्थानच्या सपाटीवर वाचतो. कल्याणच्या पुढे कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरही त्याचे एक प्रकरण आहे, असे माझे म्हणणे आहे.

बदलापूरचे नाव प्रवासात घोडे बदलण्यावरून पडले, असे सांगतात. ही लोकव्युत्पत्ती असेल. पण फौजेची चाल पिछाडीच्या ठाण्यांवर अवलंबून असते, हे सत्य तिच्यात आहे. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी हे असेच ठाणे. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी उल्हासनगरची कोनशिला बसवली. तेथील पत्त्यांत ‘कॅम्प नंबर’ आजही टिकून आहे.

घोडा गेला आणि त्याच्या जागी यंत्र आले. आधीच चिलखती वाहनांवर चढलेल्या पायदळाच्या जुन्या पलटणी एकत्र करून १९७९ मध्ये मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंट उभी राहिली. तिचे केंद्र आपल्याच अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला आहे. यांत्रिक ब्रिगेडमध्ये अशा पलटणींच्या जोडीला रणगाडे असतात. रणगाड्याच्या वेगाने पायदळाने जावे आणि ऐन मोक्यावर उतरून लढावे, हे तिचे काम. बीएमपी-२ या वाहनात चालक, तोफची आणि कमांडर असे तिघे, शिवाय सात जवान बसतात. मात्र घोडा वाटेत चरू शकतो. सुटा भाग मिळाला नाही तर पट्ट्यांवर धावणारे वाहन जागीच थांबते.

येथे अंबरनाथचा संबंध येतो. येथील आयुध कारखान्यात काडतुसांसाठी पितळ घडते. शेजारच्या, १९५३ च्या मशीन टूल प्रोटोटाइप कारखान्याचे नाते चिलखती वाहनांशी जुळले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध कारखाने सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले, तेव्हा हा कारखाना आवडीच्या रणगाडा कारखान्याबरोबर एका कंपनीत गेला आणि त्याचा शेजारी दुसऱ्या.

पलटणींना युद्धसन्मान मिळतात, त्यांचे इतिहास छापले जातात. पहाटेची लोकल पकडून भोंग्याला हजर होणाऱ्या फिटर-टर्नरच्या वाट्याला तसे काही येत नाही. त्यांच्या पिढ्या निवृत्त होत आहेत. पाळीच्या नोंदी, हाताने काढलेली रेखाचित्रे आणि त्यांच्या आठवणी आत्ताच जमवल्या नाहीत, तर यांत्रिक फौजेचा आपला इतिहास अर्धाच राहील.