लातूरचा वकील आणि हैदराबादचा निजाम

23 सप्टेंबर 1948 रोजी निजाम मीर उस्मान अली खान रेडिओवर बोलले. हैदराबादची शरणागती होऊन जेमतेम आठवडा लोटला होता. एका लहानशा टोळीने आपल्या विश्वासू मंत्र्यांस धाकदपटशाने राजीनामे द्यावयास लावले आणि हिटलरच्या जर्मनीची आठवण व्हावी अशा रीतीने राज्य बळकावले, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. टोळीचा म्होरक्या म्हणून त्यांनी कासिम रझवीचे नाव घेतले. हा गृहस्थ म्हणजे आपल्या शेजारच्या लातूरचा वकील. तेव्हा जर्मनीची तुलना आम्ही ओढूनताणून आणलेली नाही. ती खुद्द निजामांची आहे. ती कितपत खरी, एवढेच आज पाहू.

जर्मनीत 1919 पासून प्रजासत्ताक होते, निवडून आलेली संसद होती, कामगारांच्या बलाढ्य संघटना होत्या. हैदराबादेत लोकशाहीचा नुसता कोंभ होता, आणि तोही सारखा खुडला जात होता. स्टेट काँग्रेसवर 1938 साली तिच्या स्थापनेपूर्वीच बंदी आली. ती उठली 1946 साली. मध्यंतरी, 1939 मध्ये, सुधारणा जाहीर झाल्या. मतदारसंघ धंद्यांप्रमाणे पाडलेले. पाचांत चारांहून अधिक हिंदू असलेल्या राज्यात हिंदु-मुसलमानांस सारख्या जागा. आणि मंत्री जबाबदार कोणाला? तर एकट्या निजामांना! स्टेट काँग्रेसने 1946 च्या निवडणुकीवर बहिष्कार घातला. आमच्या मते तो रास्त होता. परंतु सभागृहात ज्यांचे गाऱ्हाणे मांडले जात नाही, त्यांच्यासाठी मग रस्ताच उरतो, आणि रस्त्यावर ज्याची काठी मोठी त्याचा आवाज मोठा.

ती काठी इत्तेहादुल मुसलमीनपाशी होती. राज्याचे सार्वभौमत्व निजामांच्या ठायी नसून प्रत्येक मुसलमानात आहे, अशी शिकवण बहादूर यार जंगांनी दिली होती. ते 1944 साली वारले. उपाशी विणकराला किंवा टांगेवाल्याला भाकरी न देता सिंहासनाचा वाटेकरी करण्याची ही युक्ती फार स्वस्त पडते. रझवीने तिला रझाकारांची गणवेशधारी फौज जोडली.

आता 27 ऑक्टोबर 1947 ची पहाट पाहा. भारताशी जैसे थे करार करावयाचे ठरले होते. मंत्रिमंडळ अनुकूल होते, निजामांची संमती होती. दिल्लीस निघणाऱ्या शिष्टमंडळातील पंतप्रधान छत्तारीचे नवाब, कायदेपंडित मॉंक्टन आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना हजारोंच्या जमावाने वेढा घातला. शिष्टमंडळ गेले नाही. निजामांनी बेत बदलला, छत्तारी पायउतार झाले आणि पुढे मीर लायक अली पंतप्रधान झाले. गंमत अशी की, 29 नोव्हेंबरला नव्या मंडळींनी जो करार केला तो फारसा निराळा नव्हता! मग वेढा कशासाठी? कराराचे कलम बदलणे हे निमित्त होते. राज्यात हुकूम कोणाचा चालतो, हे त्या पहाटे ठरले.

निजामांचे गणित आम्हां युनियनवाल्यांच्या चांगले परिचयाचे आहे. संप फोडण्यासाठी मालक एक दादा पोसतो. वर्षभरात कामावर कोणास घ्यावे हे दादाच मालकास सांगू लागतो. असा एक कारखाना आम्ही जवळून पाहिला आहे. भारताशी घासाघीस करताना पाठीशी रझाकार असलेले बरे, असे निजामांस वाटले असावे. जर्मनीतही हेच झाले. नोव्हेंबर 1932 मध्ये हिटलरची मते घटली होती. तरी पापेन प्रभृतींनी वृद्ध हिंडेनबुर्गचे मन वळवून 30 जानेवारी 1933 ला त्याला चॅन्सलर केले. मंत्रिमंडळात त्याच्यासकट नाझी अवघे तीन, तेव्हा लगाम आपल्या हाती राहील, हा हिशेब. त्याच वर्षी हिटलरने 1 मे हा राष्ट्रीय सण म्हणून थाटाने साजरा केला, आणि 2 मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. ह्या दोन तारखा आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असाव्यात.

म्हणून निजामांची तुलना खरी, पण अर्धी. हिंडेनबुर्गची जागा त्यांनी तुलनेतून वगळली. ती त्यांची स्वतःची होती.

रझाकारांनी मराठवाड्यातील गावे लुटली, जाळली, हे आपल्या घराघरांतून ऐकलेले आहे. ‘इमरोज’ ह्या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचे नाव मात्र कमी घेतले जाते. भारतात विलीन व्हावे असे त्यांनी लिहिले. ऑगस्ट 1948 मध्ये त्यांचा खून झाला.

13 सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत सारे आटोपले. रझवी 1957 पर्यंत तुरुंगात होता, सुटल्यावर पाकिस्तानात गेला. निजाम 1956 पर्यंत राजप्रमुख राहिले. रझाकारांच्या कृत्यांचे उट्टे निघाले ते ज्यांचा त्यांच्याशी संबंधही नव्हता अशा गोरगरीब मुसलमानांवर. पंडित नेहरूंनी पाठविलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार असा केला. सर्वाधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, बीदर आणि नांदेड ही नावे घातली. लातूर त्या वेळी उस्मानाबादेत होते. तो अहवाल कित्येक दशके सरकारी दप्तरात पडून राहिला.