ज्येष्ठांचा आरोग्य विमा : विमा रकमेआधी अटी तपासा

जगतपुरा (जयपूर) : साठी ओलांडल्यानंतर आरोग्य विमा घेताना बहुतेक कुटुंबे विमा रक्कम आणि हप्ता या दोनच आकड्यांची तुलना करतात. दावा मंजूर होताना हाती किती पैसे पडतात, हे मात्र प्रामुख्याने पॉलिसीतील अटींवर ठरते. जगतपुऱ्यासारख्या जयपूरच्या उपनगरात मुलांकडे राहायला येणाऱ्या परराज्यातील आई-वडिलांसाठी रहिवासाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे.

सरकारी संरक्षण आधी पाहा

७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारत योजनेत समाविष्ट करण्याची सुरुवात २९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर कुटुंबातील पात्र ज्येष्ठांना मिळून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत रोकडविरहित मिळतात. जुन्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी नाही. खासगी विमा असला तरी हा लाभ घेता येतो. सीजीएचएस किंवा ईसीएचएसच्या लाभार्थ्यांना मात्र दोहोंपैकी एकाची निवड करावी लागते. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड ग्राह्य धरले जाते. माहितीसाठी १४५५५ हा क्रमांक आहे.

राज्यांच्या योजना रहिवासाशी निगडित असतात. राजस्थानची मुख्यमंत्री आयुष्मान आरोग्य (मा) योजना २५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते. मात्र त्यासाठी कुटुंबाची जनआधार नोंदणी आवश्यक आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातील कुटुंबांसाठी आहे. त्यामुळे मुक्काम हलवताना, विशेषतः ६० ते ७० या वयोगटातील ज्येष्ठांनी, आपण कोणत्या योजनेस पात्र आहोत याची खात्री करून घ्यावी.

खासगी पॉलिसीत काय तपासावे

भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाच्या (इर्डा) २०२४ च्या नियमांनुसार विमा खरेदीसाठी ६५ वर्षांची मर्यादा उरलेली नाही. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी आता कमाल ३६ महिने आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी हा कालावधी जितका कमी, तितकी पॉलिसी अधिक उपयुक्त मानावी.

दुसरी अट सहभुगतानाची, म्हणजे ‘को-पे’ची. २० टक्के को-पे असल्यास चार लाखांच्या मान्य दाव्यातील ८० हजार रुपये रुग्णाला स्वतः भरावे लागतात. कमी हप्त्याचे कारण अनेकदा हेच असते.

तिसरी अट खोलीभाड्याची. मर्यादा दिवसाला पाच हजार असताना दहा हजारांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातील फरक नव्हे, तर डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृह यांसारखे संलग्न खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे, कापले जाऊ शकतात. मोतीबिंदूसारख्या उपचारांवरील उपमर्यादा आणि घराजवळच्या रुग्णालयाचा विमा कंपनीच्या जाळ्यातील समावेश हेही आधीच पाहावे.

हप्ता आणि कर

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला आहे. ज्येष्ठांच्या हप्त्यात वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यापूर्वी कंपन्यांनी इर्डाशी सल्लामसलत करणे जानेवारी २०२५ पासून बंधनकारक आहे. जुनी कररचना निवडणाऱ्यांना ज्येष्ठांच्या हप्त्यावर ५० हजार रुपयांपर्यंत वजावट मिळते.

आजार लपवू नयेत

हप्ता वाढेल किंवा अर्ज नाकारला जाईल, या भीतीने आजार न सांगणे हे दावा फेटाळला जाण्याचे कारण ठरू शकते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिल्यानंतर माहिती न दिल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक याला अपवाद आहे. एजंटाने भरलेला अर्ज म्हणूनच स्वतः वाचून मगच सही करावी. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत ती परत करता येते.

दावा नाकारल्यास

प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. राजस्थानसाठीचे लोकपाल कार्यालय जयपुरातच आहे. इर्डाच्या ‘विमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. नकारपत्र, रुग्णालयाची देयके आणि भरलेल्या अर्जाची प्रत मात्र जपून ठेवावी.