ठिणगी आणि थरथर

मोठं पेट्रोल मॉडेल विमान आज खोक्यातून येतं. बाल्सा आणि प्लायवूडचे पंख, धड, शेपटीचे भाग तयार असतात. वरचं रंगीत प्लास्टिकचं आवरणही कारखान्यातच इस्त्री करून बसवलेलं असतं. विकत घेणाऱ्याच्या वाट्याला उरते ती जोडणी: इंजिन, टाकी, हलते भाग फिरवणाऱ्या ‘सर्व्हो’ नावाच्या छोट्या मोटारी, रिसीव्हर, बॅटऱ्या. सोबतची पुस्तिका एकेक सूचना देत जाते. इंजिनाच्या थ्रॉटलपर्यंत जाणारी दांडी धातूची नको, नायलॉनची हवी. इग्निशनचा डबा आणि रेडिओचा रिसीव्हर यांच्यात निदान 30 सेंटीमीटर अंतर ठेवा. इग्निशनला स्वतंत्र बॅटरी आणि स्वतंत्र स्विच द्या. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक बोल्टच्या आट्यांना ते पक्के धरणारा लॉकटाइट गोंद लावा. टाकीची नळी सिलिकॉनची वापरू नका. या सूचनांना सहसा कारण दिलेलं नसतं आणि बहुतेक जण त्या निमूट पाळतात. माझं म्हणणं असं की या छंदाचा खरा इतिहास या सूचनांमध्येच साठलेला आहे. विक्रमांच्या आणि विजेत्यांच्या याद्यांतून तो कळत नाही. ठिणगीवर चालणाऱ्या इंजिनाने दोन अडचणी आणल्या, ठिणगीची आणि थरथरीची. विमानं किती मोठी व्हावीत आणि ती कशी जोडली जावीत, हे या दोन अडचणींनीच ठरवलं.

पेट्रोलवर उडणारं छोटं विमान तसं जुनं आहे. सॅम्युअल लँग्ले यांनी माणूस वाहून नेणाऱ्या आपल्या नियोजित विमानाची पाव आकाराची पेट्रोल प्रतिकृती 1901 मध्येच उडवून पाहिली होती. पण तो एका शास्त्रज्ञाचा प्रयोग होता. सामान्य मुलाच्या हाती हे तंत्र आलं ते अमेरिकेतल्या मंदीच्या काळात, फिलाडेल्फियात. बिल ब्राऊन या तरुणाने साधारण 10 सीसीचं एक छोटं इंजिन घडवलं आणि त्याचा मित्र मॅक्सवेल बॅसेट याने ते विमानावर चढवलं. 1933 च्या राष्ट्रीय स्पर्धेत बॅसेटच्या पेट्रोल विमानांनी रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांना इतकं मागे टाकलं की पेट्रोल विमानांचा वर्गच पुढे वेगळा काढावा लागला. पुढच्या वर्षी त्याचं एक विमान अडीच तासांहून अधिक काळ हवेत राहिलं आणि न्यू जर्सीतून उडून डेलावेअरमध्ये उतरलं. ‘ब्राऊन ज्युनिअर’ या नावाने ते इंजिन साडेएकवीस डॉलरला विकलं जाऊ लागलं. मंदीच्या दिवसांत ही रक्कम लहान नव्हती. शिवाय खर्च तिथे संपत नसे. ठिणगी पाडायला प्लग लागे, प्लगला कॉइल, कॉइलला कंडेन्सर आणि या सगळ्यांना कोरड्या बॅटऱ्या. एवढा संसार उचलायचा तर विमान मोठंच करावं लागे. म्हणून त्या काळातली पेट्रोल विमानं अंगाने भरलेली, लांब पंखांची दिसतात. त्यांच्या आकारात हौसेचा भाग होता, पण त्याहून मोठा भाग ओझ्याचा होता.

त्या ओझ्यात रेडिओची भर पडली तेव्हा ठिणगीचा दुसरा त्रास उघड झाला. मिशिगनमधल्या कलामाझूचे जुळे भाऊ वॉल्टर आणि विल्यम गुड यांनी मे 1937 मध्ये आपलं ‘गफ’ हे विमान रेडिओच्या साहाय्याने उडवलं. विमानबांधणी वॉल्टरची, रेडिओ विल्यमचा. सुमारे आठ फूट पंखांच्या या विमानावर ब्राऊनचंच इंजिन होतं. 1938 च्या राष्ट्रीय स्पर्धेत ते रेडिओ विभागात पहिलं आलं आणि आज ते स्मिथसोनियनच्या हवाई संग्रहालयात आहे. त्यातला रिसीव्हर निर्वात नळ्यांचा. त्याच्या जोडीला उच्च दाबाच्या बॅटऱ्या लागत, म्हणजे पुन्हा वजन. पण वजनापेक्षा शेजार वाईट होता. प्लगमध्ये उडणारी प्रत्येक ठिणगी म्हणजे एक लहानसं, बेशिस्त रेडिओ प्रक्षेपणच असतं. नाकाशी ठिणग्या पाडणारं यंत्र आणि त्याच्या मागे, त्याच धडात, जमिनीवरून येणारा क्षीण संदेश ऐकू पाहणारं दुसरं यंत्र, अशी ती रचना होती. एक गप्प असेल तरच दुसऱ्याला ऐकू येणार. आजच्या पुस्तिकेतल्या 30 सेंटीमीटरच्या अंतराचं मूळ इथे आहे.

दुसऱ्या महायुद्धाबद्दल थोडक्यात सांगतो. हॉलिवूडमधला नट रेजिनाल्ड डेनी मॉडेल विमानांचं दुकान चालवत होता. त्यातूनच त्याची रेडिओप्लेन कंपनी उभी राहिली आणि तोफांच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून उडणारी सुमारे 15 हजार रेडिओ विमानं अमेरिकी सैन्याला मिळाली. कॅलिफोर्नियातल्या त्या कारखान्यात ती ओळीने जोडली जात. या प्रकाराला खेळणं म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढा एक आकडा लक्षात ठेवावा.

युद्धानंतर दोन वर्षांत मात्र ठिणगीच गेली. 1947 मध्ये रे आर्डन या अमेरिकी संशोधकाने ग्लो प्लग बाजारात आणला. प्लॅटिनमची बारीक तार सुरुवातीला बॅटरीने तापवायची; इंजिन सुरू झालं की मिथेनॉलच्या ज्वलनावर ती स्वतःच धगधगत राहते. कॉइल, कंडेन्सर, ठिणगीची बॅटरी हे सगळं एका फटक्यात अनावश्यक झालं. याचा परिणाम आकारावर लगेच दिसला. ओझं कमी झालं तशी विमानं लहान झाली, आणि पुढे ट्रान्झिस्टर आल्यावर रेडिओही हलका झाला. पुढची पंचवीसेक वर्षं कसरतींच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा 10 सीसीच्या मर्यादेत रमल्या. रिसीव्हरचा शेजारही सुधारला, कारण ग्लो इंजिन रेडिओला त्रास देत नाही. मोठ्या आकाराचं स्वतःचंच आकर्षण सर्वांत प्रबळ असतं तर या काळात विमानं वाढायला हवी होती. रेडिओ भरवशाचा झाला होता, हातात पैसा होता. तरीही ती वाढली नाहीत.

ती वाढली 1970 नंतर, आणि याचं कारण विमानांच्या जगाबाहेरचं होतं. झाडं तोडणाऱ्यांसाठी साखळी करवतीची, म्हणजे चेनसॉची, हलकी दोन-स्ट्रोक इंजिनं कारखान्यांतून मुबलक निघू लागली होती. कॅनडातून आलेलं 35 सीसीचं ‘क्वाड्रा’ आणि नंतर जपानच्या कोमात्सू झेनोआचं 38 आणि 62 सीसीचं इंजिन, ही सगळी त्याच घराण्यातली. लाकूडतोड्या करवत आडवी धरतो, उलटी धरतो, डोक्यावर उचलतो. इंजिनाने बंद पडून चालत नाही. म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये पातळ पडद्याचा पंप असतो. क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर तो चालतो आणि कोणत्याही अवस्थेत पेट्रोल ओढतो. आकाशात कोलांट्या घेणाऱ्या विमानाला नेमकं हेच हवं होतं, आणि ते त्याला जंगलातून आयतं मिळालं. दुसरं कारण इंधनाचं. मिथेनॉल जाळायला हवा कमी लागते. एक भाग मिथेनॉलला साधारण साडेसहा भाग, तर पेट्रोलला पावणेपंधरा भाग. म्हणजे तेवढ्याच हवेत मिथेनॉलचं इंजिन दुपटीहून अधिक इंधन पितं, आणि ते इंधनही महाग. 10 सीसीला हे परवडतं, 60 सीसीला परवडत नाही. पेट्रोल पंपावरचं इंधन आणि थोडं दोन-स्ट्रोक तेल यांवर चालणारं इंजिन आल्यावर अडीच मीटरचं विमान नोकरदार माणसाच्या आवाक्यात आलं. पायपर कब या खऱ्या विमानाचे पंख 10.74 मीटरचे, त्याची पाव आकाराची प्रतिकृती 2.69 मीटरची होते, आणि असं विमान दर रविवारी उडवणं आता शक्य होतं. 1980 मध्ये अमेरिकेत अशा विमानांची स्वतंत्र संघटना निघाली. एकपंखी विमानाला किमान 80 इंच आणि दुपंखी विमानाला 60 इंच पंखविस्तार, अशी तिने ‘मोठ्या’ विमानाची व्याख्याच बांधून दिली.

पण पेट्रोलबरोबर ठिणगी परत आली, आणि एकाच मोठ्या पिस्टनची थरथर नव्याने आली. एका सिलिंडरच्या इंजिनात वरखाली जाणाऱ्या पिस्टनचा हिसका पूर्णपणे तोलता येत नाही. 10 सीसीला तो किरकोळ असतो. 60 सीसीचा पिस्टन मात्र मिनिटाला सहा-सात हजार फेऱ्यांनी नाकातल्या प्लायवूडच्या भिंतीला हादरे देत राहतो. नट सैल होतात, तारांचे डाख तुटतात, सर्व्होचे दाते झिजतात, बिजागऱ्या खिळखिळ्या होतात. लॉकटाइट, स्पंजात गुंडाळलेला रिसीव्हर, धातूचे सर्व्हो-हात, दोन बाजूंनी आधार दिलेले चेंडूसांधे, प्लायवूडच्या मागून घट्ट बसवलेले नट ही सगळी त्या हादऱ्यांना दिलेली उत्तरं आहेत. मैदानावर वाया गेलेल्या विमानांतून ती एकेक करून सापडली. नंतर आमनेसामने सिलिंडरांची जोडइंजिनं आली. त्यांत दोन्ही पिस्टन एकाच वेळी बाहेर आणि एकाच वेळी आत जातात, त्यामुळे हिसके बरेचसे आपापसात फिटतात. मोठ्या कसरती विमानांत ती लोकप्रिय झाली यात नवल नाही. ठिणगीचंही तसंच. धातूची दांडी इग्निशनचा गोंगाट रिसीव्हरपर्यंत वाहून नेते, म्हणून नायलॉन. ग्लो इंजिन इंधन तोडलं की थांबतं, पण ठिणगीचं इंजिन लांबून हमखास बंद करायचं तर ठिणगीच तोडावी लागते, म्हणून वेगळा स्विच. नळीची सूचनाही याच वळणाची आहे. ग्लो इंधनाला सिलिकॉनची नळी उत्तम. पेट्रोलमध्ये ती फुगते आणि विरते. ग्लोच्या काळात तयार झालेली सवय मोडण्यासाठी ती ओळ छापावी लागली.

इंजिनाने आकार ठरवला, या म्हणण्यावर एक गंभीर आक्षेप आहे. मोठी विमानं अधिक चांगली उडतात, हे वायुगतिशास्त्राने सिद्ध आहे. आकार वाढला की पंखांवरून हवा अधिक सुरळीत वाहते, झुळकेने विमान भिरकावलं जात नाही, हालचाल खऱ्या विमानासारखी डौलदार दिसते. तेव्हा लोकांना मोठी विमानं हवीच होती, इंजिन फक्त निमित्त ठरलं, असं म्हणता येईल. मिनेसोटातल्या बड नोसेन यांनी 1970 च्या दशकात पाव आकाराच्या विमानांचे सुटे संच विकले आणि त्यांतली काही साध्या ग्लो इंजिनांवरही उडत, हा या बाजूचा भक्कम पुरावा. तो मला मान्य आहे. पण ग्लोवर उडणारी ती विमानं हलकी आणि संथ होती, आणि त्यांची जोडणी लहान विमानाच्याच पद्धतीने होत असे. जाड नळीवर चढवलेले सुटे पंख, दुहेरी बॅटऱ्या, एकेका पृष्ठभागाला स्वतंत्र ताकदवान सर्व्हो ही शिस्त पेट्रोल इंजिन आल्यावरच आली. इच्छा आधीपासून होती हे खरं. त्या इच्छेला रूप दिलं ते इंजिनाने.

दुसरा आक्षेप जुन्या बांधणाऱ्यांचा आहे आणि त्यात वेदना आहे. बाल्साच्या फळ्या कापून, फासळ्या चिकटवून, रेशीम ताणून विमान बांधणारी माणसं म्हणतात की खोक्यातलं विमान जोडणं ही कलाच नव्हे. हरवलेल्या कौशल्याबद्दल त्यांना वाटणारं दुःख रास्त आहे. मात्र कारखान्याने काढून घेतलं ते कापणं आणि चिकटवणं. संतुलनबिंदू जुळवणं, बिजागरी सरळ रेषेत आणणं, इंजिन चालू ठेवून रेडिओचा पल्ला तपासणं, प्रोपेलरचे बोल्ट पुन्हा पुन्हा आवळणं, ही कामं कोणताही कारखाना करून देत नाही. दहा-पंधरा किलोचं विमान याच कामांवर तरतं किंवा पडतं. नव्या 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओंमुळे अंतराचा नियम आता निव्वळ रूढी उरला, असंही कोणी म्हणतात. त्या रेडिओंना ठिणगीचा त्रास खूप कमी होतो हे खरं. पण मोठ्या विमानात सर्व्होंच्या तारा मीटर-मीटरभर लांब जातात आणि गोंगाट उचलायला तेवढं पुरेसं असतं. फूटभर जागा सोडल्याने काही बिघडत नाही. न सोडल्याने माणसाचं डोकं फुटू शकतं.

ठिणगीला दिवस संपलेलं तंत्र म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक पुरावा. ऑगस्ट 2003 मध्ये मेनार्ड हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं इंधनासह पाच किलोंहून कमी वजनाचं मॉडेल विमान न्यूफाउंडलंडहून निघालं आणि 38 तास 52 मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरलं. अंतर सुमारे 3,028 किलोमीटर. दृष्टी जवळजवळ गेलेल्या हिल यांनी त्यासाठी छोट्या चार-स्ट्रोक इंजिनाला ठिणगीवर आणलं आणि कॅम्पच्या शेगडीत वापरतात ते इंधन घातलं. मिथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास. त्या इंधनावर अटलांटिक ओलांडता आला नसता.

आपल्याकडे एनसीसीच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवलं जातं, अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे गट विमानं बांधतात, आणि 2021 च्या ड्रोन नियमांनी 25 किलोंपर्यंतच्या मॉडेल विमानांना स्वतंत्र ओळख दिली आहे. म्हणून एक विनंती. संग्रहालयं उडालेली विमानं जपतात. जोडणीचा इतिहास मात्र तेलाचे डाग पडलेल्या सूचनापुस्तिकांत, पेन्सिलीने दुरुस्त केलेल्या आराखड्यांत आणि बोल्ट का बदलला याच्या समासातल्या नोंदींत असतो. पुण्या-मुंबईत, नाशिक-नागपुरात ज्यांच्या माळ्यावर असे कागद असतील त्यांनी ते रद्दीत घालू नयेत. जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला द्यावेत, आणि देताना प्रत्येक दुरुस्तीचं कारण शेजारी मराठीत लिहून द्यावं.