मार्सेय १९४०-४१ : व्हिसाच्या रांगेतला पत्त्यांचा डाव

१/५
जून १९४० मध्ये फ्रान्सने जर्मनीपुढे शस्त्रे ठेवली आणि हजारो परदेशी निर्वासित मार्सेय बंदरात येऊन अडकले. जर्मनी मागेल तो जर्मन फ्रान्सने सोपवावा, असे युद्धबंदीचे १९ वे कलम सांगत होते.

२/५
सुटकेसाठी अमेरिकेचा व्हिसा, स्पेन-पोर्तुगाल ओलांडण्याचे परवाने आणि फ्रान्स सोडण्याची अनुमती, सारे एकाच वेळी वैध असावे लागे. एका कागदासाठी रांगेत तिष्ठावे, तोवर दुसऱ्याची मुदत संपे.

३/५
अमेरिकन पत्रकार व्हॅरियन फ्राय यांच्या मदत समितीमुळे शहराबाहेरील व्हिला एअर-बेल या घराभोवती अनेक कलावंत जमले. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ, जर्मन माक्स अर्न्स्ट, क्यूबाचे विफ्रेदो लाम, रुमानियाचे व्हिक्टर ब्राउनर.

४/५
प्रतीक्षेच्या त्या दिवसांत त्यांनी पत्त्यांचा नवा जोड रेखाटला. राजा, राणी, गुलाम हद्दपार. त्यांच्या जागी प्रतिभावंत, जलपरी आणि मांत्रिक. बदाम-इस्पिकऐवजी ज्योत, तारा, चाक आणि कुलूप : प्रेम, स्वप्न, क्रांती आणि ज्ञान.

५/५
मार्च १९४१ मध्ये ब्रेताँ आणि लाम जहाजाने निघाले. त्याच वर्षी अर्न्स्टही अमेरिकेत पोहोचले. ब्राउनर यांना अमेरिकेचा व्हिसा मिळालाच नाही. ते फ्रान्समध्येच लपून राहिले आणि युद्धातून वाचले. त्या जोडातील तत्त्वज्ञ हेगेलचे पान त्यांच्याच हातचे आहे, चिन्ह, कुलूप.