मुंबईच्या कचेऱ्या आणि आगगाडी

मुंबईच्या व्यापारी पेढ्या फोर्टात का वसल्या, याचे उत्तर बंदरात आहे. परंतु बंदराचा आधार कमी झाल्यावरही त्या तेथून का हलल्या नाहीत, याचे उत्तर रुळांत शोधावे लागते.

१८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. पुढील दशकात कोटाचे तट पाडले गेले आणि मोकळ्या जागी सरकारी व खाजगी कचेऱ्या उभ्या राहिल्या. तथापि त्यांतील कारकून बहुधा गिरगाव, काळबादेवी अशा पायी येण्याजोग्या वस्तीतच राही. १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामने त्याचे पाय थोडे वाचविले, एवढेच.

खरा पालट विजेने घडविला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला आणि ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी धावू लागली. वाफेचे एंजिन शेवटच्या स्थानकात सोडवून दुसऱ्या टोकास जोडावे लागे; विजेची गाडी दोन्ही तोंडांनी चाले, चटकन वेग घेई आणि लगोलग परत फिरे. त्याच रुळांवरून अधिक गाड्या सुटू लागल्या. दादर, माटुंगा, विलेपार्ले येथे बिऱ्हाड करणे सोयीचे झाले. घर दूर गेले. कचेरी मात्र जागची हलली नाही. उलट तिचे आसन अधिकच बळकट झाले. १९३० अखेर कुलाब्याचे स्थानक बंद होऊन चर्चगेट हे पश्चिमेकडील टोक ठरले. आता दोन्ही मार्गांवरचा नोकरवर्ग फोर्टाच्या दोन अंगांना उतरे, आणि तेही मालकाला छदाम न पडता! ही सोय कोण सोडणार? १९७० नंतर समुद्र हटवून नरिमन पॉइंटला जे मनोरे उठले, तेही चर्चगेटच्या आश्रयानेच.

वांद्रे-कुर्ला संकुलाची कथा निराळी. १९७७ साली मिठी नदीकाठच्या त्या दलदलीचे नियोजन प्रादेशिक विकास प्राधिकरणाकडे आले. येथे विमानतळ जवळ, मोटारींना रुंद रस्ते. पण आगगाडीचे स्थानक आत एकही नाही. जागा निवडणारा मोटारीने येणारा होता, हे उघड आहे. १९९४ साली संगणकाच्या पडद्यावर रोख्यांचे सौदे सुरू करणाऱ्या राष्ट्रीय शेअर बाजारानेही पुढे येथेच ठाण मांडले. दलालांना एका दालनात जमण्याची गरजच उरली नव्हती. कारकुनाला मात्र यावेच लागे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेहून भुयारी मेट्रो संकुलात पोचली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती फोर्टातून कफ परेडपर्यंत गेली. तोवर संकुलातील नोकरवर्गाची एक पिढी वांद्रे आणि कुर्ला स्थानकांबाहेर बसच्या नि रिक्षाच्या रांगेत उभी राहून निवृत्तीला आली होती.