अंगावर टिकेल तेच जॅकेट : देवलमरीच्या खडकांपासून कुंडलिकेच्या राफ्टपर्यंत

मागच्या काही दिवसांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला : राफ्टिंगचा गाइड व्हायचंय, लाईफ जॅकेट कुठलं घेऊ? दुकानदार याचं उत्तर रंग आणि किंमत दाखवून देतो. आपण इतिहासातून देऊ. आणि सुरुवात कोलाडपासून नाही, गडचिरोलीपासून करू.

1854 साली नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांचा बराचसा भाग, इंग्रजांकडे गेलं. रेल्वे अजून इकडे पोचली नव्हती आणि वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस समुद्रापर्यंत न्यायचा होता. गोदावरीवर धवळेश्वरमचं धरण बांधणारे आर्थर कॉटन यांची कल्पना अशी, की वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांतूनच बोटी चालवायच्या. नकाशावर रस्ता सरळ दिसत होता. प्रत्यक्षात मध्ये खडकांचे तीन मोठे पट्टे होते. पहिला दुम्मुगुडेमला, दुसरा सिरोंच्याच्या खाली इंचमपल्लीला, आणि तिसरा आपल्या अहेरीजवळ देवलमरीला, प्राणहितेत. कालवे खोदले, बांध घातले, पैसा ओतला, आणि 1871 मध्ये काम सोडून दिलं. म्हणजे आज ज्याला आपण ‘व्हाइट वॉटर’ म्हणून पैसे देऊन अनुभवतो, त्याच खळाळत्या पाण्याने इथे साम्राज्याची योजना अडवली.

इथले लोक मात्र त्याआधीपासून नद्या ओलांडत होते. एका झाडाच्या खोडातून कोरलेला डोंगा होताच. शिवाय महाराष्ट्रभर पोहायला शिकताना पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचं हलकं लाकूड बांधायची पद्धत होती. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार आपण ऑफिसच्या मीटिंगमध्येसुद्धा वापरतो. पण सांगड म्हणजे मुळात दोन नावा, ओंडके किंवा भोपळे एकत्र बांधून केलेलं तरंगण्याचं साधन! तत्त्व तेच : हवा धरून ठेवणारी हलकी वस्तू अंगाला बांधा.

मग लाईफ जॅकेटमध्ये नवीन काय होतं? याच 1854 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉन वॉर्ड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने बुचाचं जॅकेट तयार केलं. बूच तरंगतं हे सगळ्यांना माहीत होतं. वॉर्डचं डोकं चाललं ते दुसरीकडे. बुडणाऱ्यांना वाचवायला जाणाऱ्या बोटीतल्या वल्हेकऱ्यांसाठी त्याने बुचाचे अरुंद तुकडे कापडावर सुटे-सुटे शिवले. त्यामुळे जॅकेट अंगाबरोबर वाकायचं आणि वल्हं मारता यायचं.

त्याची परीक्षा 9 फेब्रुवारी 1861 ला झाली. व्हिटबी गावाजवळ वादळात एकामागून एक जहाजं किनाऱ्यावर आदळत होती. बचाव-बोट दिवसभर फेऱ्या मारत राहिली आणि शेवटी स्वतःच उलटली. 13 पैकी 12 जण गेले. वाचला तो हेन्री फ्रीमन, आणि नव्या पद्धतीचं बुचाचं जॅकेट त्याच्याच अंगावर होतं.

पुढे बुचाची जागा कपोकने घेतली. कपोक म्हणजे पांढऱ्या सावरीच्या बोंडातला कापूस. तिची बहीण काटेसावर चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात पानं झडल्यावर लालभडक फुलते. तिचा कापूस आपण उशीत भरतो. या तंतूंना मेणचट आवरण असतं आणि आत पोकळी, म्हणून ते पाणी धरत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात जपानने जावा घेतलं आणि अमेरिकेचा कपोक बंद झाला. तेव्हा तिथल्या शाळकरी पोरांनी मिल्कवीडच्या शेंगा गोळा केल्या. मिल्कवीड आपल्या रुईच्याच कुळातलं. रुईची शेंग फुटल्यावर जी ‘म्हातारी’ उडते ना, तसल्याच रेशमाने नौसैनिकांची जॅकेटं भरली गेली.

त्याच युद्धात ब्रिटिश हवाई दलाचे भूलतज्ज्ञ एडगर पास्क यांनी एक अचाट प्रयोग केला. स्वतःला भूल देऊन ते बेशुद्ध अवस्थेत पाण्यात उतरवले गेले, वेगवेगळी जॅकेटं घालून. प्रश्न असा : शुद्ध हरपलेल्या माणसाचं तोंड पाण्याबाहेर कुठलं जॅकेट ठेवतं? आज मानेमागे जाड कॉलर असलेली जॅकेटं दिसतात, त्यांच्यामागे हाच प्रश्न आहे.

युद्धानंतर कपोक गेला आणि फोम आला. कपोक दाबला गेला किंवा तेलात भिजला की निकामी व्हायचा. बंद कप्प्यांचा फोम फाटला तरी तरंगतो.

इथे वॉर्ड आणि पास्क यांचे प्रश्न वेगळे आहेत, हे लक्षात घ्या. वॉर्डचा माणूस काम करतोय. पास्कचा माणूस काहीच करू शकत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात म्हणतात, आधी रिक्वायरमेंट लिहा, मग कोड. जॅकेटचंही तसंच.

आता गाइडकडे येऊ. कोलाडला कुंडलिकेवर राफ्ट चालतात त्या वीज प्रकल्पातून सोडलेल्या पाण्यावर. गाइड हा वॉर्डचा माणूस. त्याला वल्हवायचंय, पोटावर पोहायचंय, पडलेल्या पाहुण्याला खांद्याच्या पट्ट्यांना धरून राफ्टवर ओढायचंय. म्हणून काखेजवळ मोकळं, अंगाला घट्ट, फोमचं, खांद्याचे पट्टे दणकट असलेलं जॅकेट हवं. मोठी कॉलर त्याला पोहताना आडवी येते. हवा भरायची जॅकेटं इथे नकोत, खडकावर घासली की संपलं.

टॅगवर ‘न्यूटन’ लिहिलेले असतात. 10 न्यूटन म्हणजे साधारण एक किलो उचल. मोठ्या माणसाला डोकं पाण्यावर ठेवायला 3 ते 5 किलो जादा उचल पुरते. पण फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, ते कमी उचलतं. म्हणून खळाळात 7 किलो किंवा त्याहून जास्त घ्या. वजनाला फसू नका : चरबी तरंगते, त्यामुळे सडपातळ, पिळदार माणसालाच जास्त उचल लागते. बचावकामाच्या जॅकेटला छातीवर एका झटक्यात सुटणारा पट्टा असतो. तो वापरण्याचं प्रशिक्षण घेतलं नसेल तर त्याला दोर बांधू नका. आणि खरेदीआधी एक चाचणी : सगळे पट्टे आवळा, मित्राला खांद्याकडून वर ओढायला सांगा. जॅकेट नाकापर्यंत आलं तर ते तुमचं नाही.

हे सगळं झालं गाइडचं. आता परत वैनगंगेवर या.

23 जानेवारी 2024. चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरच्या महिला मिरची तोडायला नदीपलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात निघाल्या होत्या. नाव उलटली. सहा जणी बुडाल्या. तिथे फेसाळ पाणी नव्हतं, साहस नव्हतं, रोजी होती. सुट्टीच्या दिवशी राफ्टमध्ये बसणाऱ्याला जॅकेट घातल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत. रोज मजुरीला नदी ओलांडणाऱ्या बाईला जॅकेट घे म्हणणारं सहसा कुणी नसतं.

आणि उद्या कुणी देणगी म्हणून राफ्टिंगची जॅकेटं पाठवली, तरी प्रश्न अर्धाच सुटेल. पोहता न येणाऱ्या प्रवाशाला पास्कचं जॅकेट लागतं : 100 न्यूटनचं, कॉलरवालं, तोंड वर ठेवणारं. ते साडीवरून दोन बकलांत चढलं पाहिजे, काठावर उतरवून पुढच्या खेपेला देता आलं पाहिजे. नावाड्याला मात्र वॉर्डचं लागेल, कारण त्याला वल्हं मारायचंय. एकाच डोंग्यात दोन प्रकारची जॅकेटं.

दीडशे वर्षांपूर्वी या नद्यांवर भरपूर पैसा खर्च झाला, तो कापूस पलीकडे जावा म्हणून. माणसं सुखरूप पलीकडे जावीत, याचा हिशोब त्यामानाने फार छोटा आहे. तुम्ही गाइड व्हाल तेव्हा जॅकेट निवडायचं ज्ञान तुमच्याकडे असेलच. गावच्या घाटावरच्या नावाड्यालाही ते सांगा. बाकी भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!