स्वप्नांची उधारी

निद्रा म्हणजे दिवा मालवलेले घर, अशी जगाची फार दिवसांची समजूत होती. आपल्या माण्डूक्य उपनिषदाने जागृती आणि सुषुप्ती यांच्या मध्ये स्वप्नावस्था वेगळी मानली होती खरी. पण प्रयोगशाळेत तिचा माग लागायला १९५३ साल उजाडावे लागले.

शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की नावाचा विद्यार्थी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून रात्री जागवीत असे. निजलेल्या पोराची बुबुळे मिटल्या पापण्यांआड मधूनच भराभर फिरू लागत! अशा वेळी मोठ्या माणसांना उठवले, तर बहुतेक जण स्वप्न सांगत. गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांच्यासह त्याने हा शोध प्रसिद्ध केला.

क्लाइटमन यांचाच दुसरा शिष्य विल्यम डिमेंट. त्याने विचारले, माणसाची स्वप्नेच हिरावून घेतली तर? १९६० साली त्याने न्यूयॉर्कमधील प्रयोगांचे उत्तर छापले. बुबुळे हलू लागली की माणसाला उठवायचे आणि पुन्हा निजवायचे. रात्रीमागून रात्र उठवण्याचा आकडा वाढत गेला. पुढे स्वस्थ झोपू दिले, तेव्हा स्वप्नांचा वाटा सुमारे २० टक्क्यांवरून २७ टक्क्यांपर्यंत चढला. तितक्याच वेळा इतर झोपेतून उठवले, तर असे काही होईना. मेंदू आपली थकबाकी वसूल करीत होता! स्वप्नावाचून माणूस वेडा होईल ही धास्ती मात्र पुढे खरी ठरली नाही.

मग बिघडते काय? १९६५ साली कोहेन आणि डिमेंट यांनी उंदरांवर प्रयोग केला. विजेच्या धक्क्याने झटके यायला किती प्रवाह लागतो, हे त्यांनी मोजले. स्वप्ननिद्रा तोडलेल्या उंदरांना कमी प्रवाह पुरला. मेंदूचा उंबरठा खाली आला होता. तो लवकर भडकत होता. गंमत अशी, की १९७५ साली अटलांटाच्या जेराल्ड व्होगेल यांना हेच हत्यार उपयोगी पडले. स्वप्ननिद्रा तोडल्यावर खोल खिन्नतेच्या काही रोग्यांना उतार पडला.

स्वप्ननिद्रा पहाटेकडे दाट होते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण पोरांना अभ्यंगस्नानासाठी उठवतो. एका पहाटेची ही उधारी दुसऱ्या रात्री फिटते. तिची काळजी नको. परंतु ज्या घरी अपस्माराचा रोगी आहे, तेथे जाग्रणाने झटका ओढवू शकतो. फटाके, पत्ते आणि गप्पा यांच्या भरात त्याचे अंथरूण मात्र वेळेवर घालावे. वहीपूजन करणाऱ्यांनी झोपेचीही वही चोख ठेवावी.